गाडीचा ताप टोपात मोजला तेव्हा

कोलवाळचा पूल ओलांडून धारगळची चढण सुरू झाली की माझ्या गाडीतल्या बायका बोलायच्या थांबत. बोलण्यानं गाडी जड होते असं त्यांचं म्हणणं. त्या शुक्रवारी मात्र चढणीच्या मध्यावरच पुढच्या सीटवरची माझी जाऊ ओरडली, "अगो, तो काटो बघ!"

मी बघितलं. समोरच्या फळीवर तीन गोल तबकड्या होत्या. एक वेगाची, एक पेट्रोलची, आणि तिसरीखाली पोर्तुगीजमध्ये 'आग्वा' लिहिलेलं, म्हणजे पाणी. इंजिनातलं पाणी किती तापलं ते ही तिसरी तबकडी सांगायची. रोज तिचा काटा मधोमध असायचा, जेवून सोप्यावर टेकलेल्या माणसासारखा. त्या दिवशी तो पार उजवीकडे, लाल पट्ट्यात जाऊन बसला होता.

गाडी कडेला घेतली, चाकामागे दगड लावला. बायका उतरल्या आणि आपापल्या रिकाम्या टोपल्या छातीशी धरून दहा हात लांब जाऊन उभ्या राहिल्या. गाडी आता फुटणारच, अशा. मी पदर हाताला गुंडाळून बॉनेट उघडलं. वाफ नाही. जळका वास नाही. रेडिएटर गरम होता, पण रोज असतो तेवढाच. इंजिन बंद करून पाऊण तास थांबलो, मग हळूहळू घरी आलो. काटा मात्र निघाल्यावर पाच मिनिटांत पुन्हा लाल पट्ट्यात.

आता ही गाडी माझ्या हातात कशी आली ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, पेडण्याकडच्या खेड्यातली बाई आणि गाडी? त्या दिवसांत? खरंच, आमच्या वाड्यावर तेव्हा दुसरी कोणी बाई गाडी चालवत नव्हती. गाडी माझ्या मामंजींची. पोर्तुगीज असताना बोटीतून उतरलेली, काळी, मागे कासवाच्या पाठीसारखी गोल. त्यावर त्यांनी जन्मभर टॅक्सी केली. पुढं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि डॉक्टरकडं न्यायला कोणी हवं, म्हणून त्यांनी मला शिकवलं. भात कापून झाल्यावरच्या मळ्यात. त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं, तरी शेजारी बसून ते नुसतं ऐकत आणि सांगत, "आता गिअर बदल. गाडी रडता ती." मी सातवीपर्यंत शिकलेली. पण गाडीचं शिक्षण मला त्या मळ्यात झालं, ते अजून विसरले नाही.

माझे यजमान कचेरीत कारकून. कागद सरळ रेषेत लावणारा माणूस. स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही. मामंजी गेल्यावर गाडी माझीच झाली म्हणा ना. दर शुक्रवारी मी वाड्यावरच्या चार बायकांना म्हापशाच्या बाजाराला न्यायची. केळी, तांबडी भाजी, मिरच्या, कोणाच्या आवळ्याच्या पिशव्या. माझी स्वतःची कोकमाची सोलं असायची. बसनं जायचं तर टोपल्या टपावर, भाजी उन्हात, आणि कंडक्टरची बोलणी वेगळी. गाडीनं आम्ही आमच्या वेळेला जायचो, आमच्या वेळेला यायचो, आणि येताना पाव घेऊन यायचो. आठवड्यातला तो एक दिवस मी कोणाची सून, कोणाची बायको नसायची. गाडीवाली असायची. म्हापशातल्या, जमिनीवर माल मांडून बसणाऱ्या पसरेवाल्या बायका तशीच हाक मारायच्या.

ही गोष्ट गोवा राज्य झालं त्याच वर्षीची, पाऊस संपल्यावरची. त्या दोनतीन वर्षांत आमच्याकडे चहाच्या कपाबरोबर एकच विषय निघायचा, कोकणी की मराठी. आमचे हे मराठीच्या बाजूचे, थोरले दीर कोकणीच्या. भिंतीला भिंत लागून घरं. दोघं आपापल्या सोप्यावर बसून एकमेकांशी तावातावानं भांडायचे, आणि भांडायचे ते एकाच बोलीत. मी आणि जाऊ मध्ये सुपारी सोलत बसायचो. पण त्या महिन्यात आमच्या घरात भाषेवरून एकदाही भांडण झालं नाही. सगळं बोलणं त्या काट्याचं.

पुढच्या शुक्रवारी काटा पुन्हा लाल. तेव्हा ह्यांनी गाडी म्हापशातल्या एका गॅरेजवाल्याला दाखवली. मी चालवत नेली, बोलले हे. त्या माणसानं बॉनेटखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, हात पुसले.

"हेड गेलंय," तो ह्यांना म्हणाला. माझ्याकडं बघितलंच नाही. "इंजिन खोलावं लागेल. आणि ह्या गाडीचं सामान आता मिळत नाही. चालवू नका, वाटेत जाम होईल. चढणीवर झालं तर गाडी मागे येईल."

ते शेवटचं वाक्य ह्यांच्या डोक्यात बसलं. घरी येताना सगळी वाट हे हँडब्रेकवर हात ठेवून बसले होते. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले ते सांगतच आले, "गिऱ्हाईक मिळालं."

"कसलं?"

"गाडीचं. मोरजीचा हॉटेलवाला आहे. कचेरीत कामाला आला होता. पुढच्या रविवारी टेंपो घेऊन येतो म्हणालाय."

"तो चालवणार ती?"

हे जरा घुटमळले. "चालवणार नाही. हॉटेलच्या दारात ठेवणार. फिरंगी पर्यटकांना जुन्या वस्तू आवडतात. इंजिन काढून तिथं बोगनवेल लावणार म्हणाला."

"बोगनवेल!"

"अगो, मला गाडीचं काही नाही," हे म्हणाले, आणि आवाज एकदम खाली आला. "चढणीवर तुला काही झालं तर मी काय करू? मी शब्द दिलाय त्याला. आता फिरवायचा नाही."

माणसाला आपल्यावर रागावून काही करायचं असेल तर भांडता येतं. आपल्या काळजीनं करायचं असेल तर काय भांडणार? पण चुलीसमोर बसले की एकच विचार यायचा. मी रोज सकाळी पेज ठेवते. शेराच्या पेजेला उकळी यायला किती वेळ लागतो ते मला झोपेतही सांगता येईल. ह्या गाडीच्या पोटात त्याच्या कितीतरी पट पाणी. गाडी सकाळी थंडगार असते, सुरू करून पोफळीच्या कुंपणापर्यंत नेली की काटा लाल. एवढं पाणी एवढ्यात उकळेल कसं? आणि उकळलं तर वाफ कुठंय?

दोघांतला एक खोटं बोलतोय. एक तर काटा, नाहीतर माझी चूल. आणि चूल आजवर खोटं बोलली नव्हती.

डिचोलीला माझ्या माहेरचा एक माणूस होता. दोडामार्गच्या पलीकडचं आमचं गाव. तिथून खाणीच्या कामाला डिचोलीत आलेले पुष्कळजण. हा खनिजाच्या ट्रकांचा मेस्त्री. नात्यानं कोणी नाही, पण गावचा म्हणून मी दादा म्हणायची. गुरुवारी हे कचेरीत गेल्यावर मी डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर घेतली, म्हापशाला बस बदलली आणि डिचोलीला उतरले. त्याचं गॅरेज शोधायला लागत नाही. रस्ता, झाडं, कुत्री सगळं लाल होत जातं, आणि सगळ्यात लाल जिथं असतं तिथं तो.

तो ट्रकाखालून बाहेर आला. पापण्यांवरसुद्धा तांबडी धूळ.

"बाय, तू? घरात सगळी बरी मगे?"

मी सगळं सांगितलं. त्यानं भाकरी खात खात ऐकलं.

"हेड गेला म्हणून सांगितलान? बॉनेट उघडून नुसता बघून?" तो हसला. "मगे तो मेस्त्री न्हय, भगत. बाय, ऐक. इंजिनात एक पितळेचा युनिट असता. तो पाण्यात बुडलेला असता. पाणी तापला की तो काट्याक सांगता. तो बिघडलो तर पाणी थंड आसान पण काटो बोंब मारता."

आता सगळे त्याला सेन्सर म्हणतात. तेव्हा तो युनिट म्हणायचा, आणि मीही युनिटच म्हणत राहिले. दिसायला साधा बोल्टासारखा, अंगठ्याएवढा. खालचं टोक पाण्यात, वरच्या डोक्याला एक तार.

"पयला काम," दादानं बोट वर केलं. "चावी फिरव, इंजिन सुरू करू नको. युनिटाची तार काढ. काटो खाली पडलो तर तबकडी बरी. मगे तीच तार इंजिनाच्या लोखंडाक टेकव. काटो वर धावलो तर तार पण बरी. मगे रवता कोण?"

"युनिट."

"बरोबर. तरी घोवाक पटूचा नाय, तर युनिट भायर काढ आणि चुलीर ठेव."

"चुलीवर?" मी विचारलं.

"टोपात पाणी, पाण्यात युनिट. गाडयेच्या बाजूकच. एक तार डोक्याक, एक तार अंगाक. अंगाची तार इंजिनाच्या लोखंडाक बांध. दोनय नाय तर काटो हलूचो नाय. मगे पाणी तापय, आणि काटो बघ. तुका पाणी किती तापला ता सांगूक माणूस व्हयो?"

मग त्यानं एका खोक्यातून ट्रकाचा एक नवा युनिट काढला. आमच्या गाडीचा मिळणं शक्यच नव्हतं. पण गाडीच्या भागांची पेन्सिलनं काढलेली मापाची चित्रं असलेली मामंजींची डायरी मी बरोबर नेली होती, त्यातलं युनिटाचं चित्र दादानं ओळखलं. त्यानं नवा त्या चित्रावर ठेवून बघितला. "पेच बसतलो. पण काटो काय सांगात ता देव जाणा. म्हणानच दोनय टोपात घालून बघ. आणि माका रविवारी येवक जमूचा नाय, सोमवारी ट्रक भायर काढूक व्हयो. तुझा तूच करूक व्हया."

शनिवारी हे दुपारी घरी आले तेव्हा आमच्या खळ्यात गाडी, गाडीशेजारी स्टुलावर स्टोव्ह आणि स्टोव्हवर आमटीचा टोप, असा देखावा होता. तार काढून टेकवून मी बघितलंच होतं. काढली की काटा डावीकडे पडला, टेकवली की उजवीकडे धावला. अगदी दादा म्हणाला तसं.

मी ह्यांना ते पुन्हा करून दाखवलं. ह्यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे तू काट्याचं तोंड बंद केलंस," हे म्हणाले. "तोंड बंद केलं म्हणून ताप गेला का? आजाऱ्याचा थर्मामीटर काढून घेतला तर तो बरा होतो?"

खरं सांगते, मला ते बोलणं आवडलं. कारकुनी शंका, पण शंका बरोबर होती.

"म्हणूनच हा टोप," मी म्हटलं.

रेडिएटरखाली बाल्दी धरून मी थोडं पाणी काढलं, मग पान्यानं जुना युनिट सोडवला. किती वर्षांचा बसलेला! निघायला तयारच नव्हता. थोडं रॉकेल, थोडी हातोडी, थोड्या शिव्या. भिंतीवरून जाऊ डोकावली.

"गाडयेक काढो पाजतस काय गो?"

"ताप मोजतंय."

"मगे काखेत धर तो!" तिनं सुपाऱ्या तिथंच टाकल्या आणि बघायला आली. थोड्या वेळानं दीरही आले, हातात पेपर घेऊन, आपण सहज आल्यासारखं दाखवत.

टोपावर आडवी पळी ठेवली आणि जुना युनिट सुतळीनं तिला टांगला, फक्त खालचं टोक पाण्यात. एक तार डोक्याला, एक अंगाला. स्टोव्ह अजून पेटवला नव्हता. पाणी सकाळपासून खळ्यात उन्हात होतं, तेवढंच कोमट. ह्यांना गाडीत बसवलं.

"चावी फिरवा. काटा कुठं आहे?"

आतून आवाज आला, "लाल."

"पाण्यात बोट बुडवा."

हे उतरले. टोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सगळ्यांदेखत कचेरीतल्या माणसानं आमटीच्या टोपात बोट घातलं. आधी टोक, मग अख्खं बोट.

"काय ओ, भाजला?" जावेनं विचारलं.

"कोमट आहे," हे म्हणाले. पुन्हा गाडीत डोकावून काटा बघितला. पुन्हा बोट बुडवलं. असं त्यांनी तीनदा केलं. माझे यजमान कधी दोन साक्षीदारांवर भागवायचे नाहीत.

मग नवा युनिट टांगला. काटा डावीकडे पडून राहिला, शांत. स्टोव्ह पेटवला. आता काम माझं होतं. मी टोपावर वाकून सांगत होते आणि हे आतून काटा सांगत होते.

"हाताला सोसवतंय."

"जरासा हलला."

"आता तळाला बारीक मणी आले."

"पाव गेला."

"गुणगुणायला लागलं." पाणी उकळायच्या आधी गुणगुणतं, कान देणाऱ्या बाईला कळतं. दीर म्हणाले, "ह्याला तुमच्या मराठीत काय म्हणतात?" आणि जावेनं त्यांना कोपरानं ढोसलं.

"मधोमध!" हे ओरडले. "अगो, मधोमध आला!"

मध्येच अंगाची तार सुटून पडली आणि काटा एकदम खाली कोसळला. हे घाबरले. मी तार पुन्हा बांधली, काटा पुन्हा उठला. शेवटी पाणी खळखळलं तेव्हा काटा लाल पट्ट्याच्या कडेला जाऊन थांबला. आत गेला नाही, कडेला. त्याहून बरोबर मला काही नको होतं. ट्रकाचा युनिट आमच्या तबकडीशी अगदी नीट बोलत होता.

हे गाडीतून उतरले, चष्मा काढून खिशात ठेवला. "तू म्हणत होतीस ते खरं," एवढंच म्हणाले. मग पुढं, "पण शब्द दिलाय गो मी."

"गाडी बरी करून ठेवूया. मग बघू," मी म्हटलं.

आणि इथं आम्ही घाण केली. आम्ही म्हणजे दोघांनी, एकट्या ह्यांच्यावर मी ढकलत नाही. पटल्यावर ह्यांना उत्साह आला. नवा युनिट बसवायचा म्हटल्यावर हे धावत मागे कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, गेले आणि पंपाच्या डब्यातून सुताची गुंडी आणि सफेदा घेऊन आले. आमच्याकडे पाण्याचा कुठलाही जोड असो, पंपाचा, नळाचा, विहिरीवरच्या पायपाचा, पेचावर सूत गुंडाळायचं, वर सफेदा थापायचा आणि मग आवळायचं. थेंब गळत नाही. बागायतदाराच्या घरात हे लहानपणापासून हातात बसलेलं असतं. हे किती नीट गुंडाळत होते! एकेक वेढा शेजारी शेजारी, कचेरीतल्या फाईलला दोरी बांधावी तसा. मीही कौतुकानं बघत होते. आवळलं, पाणी भरलं, एक थेंब बाहेर नाही.

गाडी सुरू केली. वाड्याच्या टोकापर्यंत नेली, देवळापर्यंत नेली, परत आणली. काटा डावीकडे, मेल्यासारखा. रेडिएटर हाताला चांगला गरम लागत होता आणि काटा म्हणे पाणी थंड.

"झालं," हे म्हणाले. "आधी खोटं ओरडत होता, आता खरंही सांगत नाही. खरंच तापलं तरी तुला कळणार नाही. हे तर जास्त वाईट." आणि ते काही चूक बोलत नव्हते.

रविवारी सकाळी मी कुळागरात पाणी सोडायला गेले. मन कुठंच लागत नव्हतं. दहा वाजता टेंपो येणार. पंप चालू केला आणि जोडाकडे बघत उभी राहिले. पायपाच्या तोंडाशी सफेद्याची जाड कडी, वाळलेली, दगडासारखी. पाण्याला बाहेर यायला एवढीशी फट नाही. लोखंड लोखंडाला कुठंच लागत नाही.

लोखंड लोखंडाला लागत नाही!

टोपात अंगाची तार सुटली होती तेव्हा काटा पडला होता. गाडीत अंगाला वेगळी तार नसतेच, युनिटाचं पितळ पेचातून इंजिनाला टेकतं तीच त्याची तार. आणि आम्ही त्या पेचाला सुताची पैरण घालून वर सफेद्याचा लेप दिला होता, बाळंतिणीला द्यावा तसा. पंप तसाच चालू टाकून मी पळाले.

टेंपो आला तेव्हा मी बॉनेटखाली होते. मोरजीचा हॉटेलवाला उतरला. पन्नाशीचा, हसरा, पांढरा शर्ट, मनगटावर जाड सोन्याची साखळी. वाईट माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं.

"ताई, आता कशाक हात घाण करतात? इंजिन माका नाकाच हां."

"जरा ही बाल्दी धरा," मी म्हटलं.

त्यानं धरली. काय करणार? मी युनिट सोडवला, भोकावर अंगठा दाबून धरला, तरी पाण्याची चिळकांडी त्याच्या शर्टावर गेलीच. हे शेजारी उभे होते. मी युनिट त्यांच्या हातात दिला.

"सूत काढा. सगळा सफेदा काढा. रॉकेल लावून काथ्यानं घासा. पितळ चकचकीत दिसलं पाहिजे."

"आणि गळलं तर?"

"तांब्याची चकती आहे खाली. तीच पाणी धरते. तुमच्या सफेद्यानं पाणी धरलं आणि काट्याचं तोंडही धरलं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांना कळलं, आणि ते घासायला बसले. असे घासत होते की पितळ झिजेल की काय. तोवर माझा अंगठा भोकावर, कंबर वाकलेली, आणि मोरजीचा गृहस्थ ओल्या शर्टानं बाल्दी धरून उभा.

उघड्या पेचानं युनिट बसवला. आवळला. कडेला एक थेंब जमा झाला, आणखी पाव फेरा दिला, थेंब पुसला. पुन्हा आला नाही.

"बसा," मी दोघांना म्हटलं.

"मी कशाक?" हॉटेलवाला म्हणाला.

"गाडी घ्यायला आलात ना? मग बघून घ्या."

हे पुढं, तो मागं. देवळावरून मुख्य रस्त्याला लागलो, धारगळच्या बाजूला वळलो. काटा डावीकडेच होता, आणि मला रस्ता दिसत होता की नाही देव जाणे. मग तो हलला. पाव. मग पावाच्या वर. हे तबकडीजवळ एवढे वाकले होते की नाक लागेल. उतरण संपल्यावर पुलापाशी गाडी वळवली आणि चढणीला दुसरा गिअर टाकला. काटा मधोमध आला आणि थांबला. पूर्ण चढण चढलो. थांबलेलाच. वर जाऊन गाडी वळवली, उतरलो, परत चढलो. मधोमध.

घरी आलो तेव्हा टेंपोवाला पोफळीखाली झोपला होता. हॉटेलवाला उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली, गोल पाठीवर हात फिरवला.

"बरी चलता हो," तो म्हणाला. "पण माका तर उभीच करूची आसा. मास्तर, टेंपोत चढवूया?"

कचेरीतल्या सगळ्यांनाच तो मास्तर म्हणायचा. मी इंजिन बंद केलं नव्हतं. शब्द ज्यानं दिला त्यानंच तो सोडवायचा होता. हे गाडीतच बसून होते, काचेतून समोर बघत.

"मी तुम्हाला काय शब्द दिला होता?" ह्यांनी विचारलं.

"गाडी देतंय म्हणून."

"नाही. नीट आठवा. बंद पडलेली गाडी देतो म्हणालो होतो. इंजिन गेलेली. बरोबर?"

"ता म्हणालात खरा..."

"ती माझ्याकडे आता नाही," हे म्हणाले. "ही चालते. चालणारी गाडी देण्याचा शब्द मी दिलेला नाही. आणि चालणारी गाडी माझी नाही, हिची आहे. तिला विचारा."

हॉटेलवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मग आपल्या ओल्या शर्टाकडे. आणि मोठ्यानं हसला. "कचेरीतली माणसा! एका शब्दाचे दोन कागद करतात! ताई, तुमका इचारून काय फायदो? तुमी तर माझ्याकडसून बाल्दी धरून घेतलात."

मग त्याला जेवायला थांबवून घेतलं, टेंपोवाल्यालाही. तिसवड्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं होतं, त्याला आवडलं. शर्टाची गोष्ट तो जेवताना जावेला आणि दिरांना दोनदा सांगून मोकळा झाला, आणि दुसऱ्या वेळी चिळकांडी पहिल्यापेक्षा मोठी होती. जाताना म्हणाला, "कधी खरीच बंद पडली तर पयलो माका सांगा." ह्यांनी मान हलवली, पण तोंडानं काही म्हटलं नाही. आता शब्द देताना जपून असायचे.

टेंपो रिकामा खडखडत गेला. मी गाडी छपरात लावायला वळले तर हे पुन्हा आत जाऊन बसलेले, पुढच्या सीटवर.

"उतरायचं नाही का?"

"शुक्रवारी किती बायका असतात?" ह्यांनी विचारलं.

"चार. आणि मी."

"पाचव्याला जागा होईल?"

"मागे मध्ये. टोपली मांडीवर घेऊन."

"चालेल," हे म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतात. पण शुक्रवारी खरंच रजा टाकली, आणि दोन बायकांच्या मध्ये चेपून, मांडीवर तीन भोपळे घेऊन म्हापशापर्यंत आले. बाजारात माझ्या शेजारी पोत्यावर बसले. एका पसरेवालीनं वाकून विचारलं, "गाडीवाली, हे कोण गो?"

मी सोलं मोजत होते. मी उत्तर द्यायच्या आधी हेच म्हणाले, "मी गाडीवालीच्या गाडीतून आलो."